सहा वाजेपर्यंत सलाईन

प्रिय पिटुकले,

तुझी चिठ्ठी मिळाली. औषधाच्या खोक्यातल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर तू पेन्सिलीने लिहिलेल्या सहा ओळी वाचायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला, कारण अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली आहेत. तुझा दोष नाही. सलाईनमधून जे औषध चाललं आहे त्याने एकाचं दोन दिसतं. म्हणून मी हे मोठ्या अक्षरात लिहिते आहे, बालवाडीतल्या बाईंसारखं, हसू नकोस. तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. नाही. काल संध्याकाळी सहाला तुझं सिझेरियन झालं, तिथून चोवीस तास, म्हणजे आज संध्याकाळी सहा वाजेपर्यंत ते सलाईन तुझ्या हातात राहणार. बाळाला बघून येण्यापुरतं, पाच मिनिटांसाठीही निघणार नाही.

जावईबापू माझ्यासमोर खुर्चीत बसल्या बसल्या झोपले आहेत. सकाळी नऊला आले. तुझे कपडे न्यायला आलो म्हणाले. कपाटातून तुझे तीन गाऊन काढले, बाळाची टोपडी काढली, मग टोपडी परत घडी घालून आत ठेवली. चहा दिला तो अर्धा पिऊन ठेवला. मी म्हटलं जरा पाठ टेका, मला पत्र लिहायला वेळ लागेल. तर पाठ टेकायच्या आधीच डोळा लागला. माणूस उंच, खुर्ची बुटकी, मान अशी काही लटकली आहे की उठल्यावर दोन दिवस दुखेल. बारा वाजता त्यांना उठवून हे हातात देणार आहे. मी स्वतः आले असते, पण या मोडक्या खुब्याने वॉकर धरून तीन जिने उतरायचे म्हणजे दुपार जाईल, आणि खाली पोहोचले तरी पुढे काय. बाळंतपणाला म्हणून तू इथे आलीस, मी पडल्यावर माझीच शुश्रूषा करत राहिलीस, आणि मी तुझी करायच्या वेळेला अशी खुर्चीला खिळून आहे. तुझा फोन काढून घेतला म्हणून सिस्टरवर चिडू नकोस. झटके आलेल्या बाईची खोली अंधारी आणि शांत ठेवतात, फोनचा उजेडही नको असतो.

अंगातून आग निघते आहे, पापण्या उचलत नाहीत, जीभ तोंडात दुसऱ्याची ठेवल्यासारखी वाटते असं लिहिलंस. सगळ्यांना तसंच होतं. मी तेहेतीस वर्षं बायकांना हे औषध दिलं आणि प्रत्येकीने मला शिव्या घातल्या. एकीने तर माझ्या मनगटाला चावा घेतला होता, डाग अजून आहे. मॅग्नेशियम आहे ते, दुसरं तिसरं काही नाही. गेले दोन महिने तुझ्या पोटऱ्यांना गोळे यायचे आणि तू ओरडत उठायचीस, तेव्हा मी तुला भोपळ्याच्या बिया, बदाम आणि पालेभाज्या खाऊ घालत होते ना, डॉक्टरीणबाईंनी गोळ्याही दिल्या होत्या, त्यात जे असतं तेच. पोटात बाळ वाढायला लागलं की आईला ते जास्त लागतं, पुढे दूध पाजतानाही लागतं. तू बिया चघळत मला विचारायचीस की मी बाई आहे की पोपट. पण गोळ्यांपुरतं मॅग्नेशियम वेगळं आणि शिरेतून जाणारं वेगळं. वाढलेल्या बीपीने मेंदूत वादळ उठतं, बाई लाकडासारखी ताठ होते, ते थांबवायला हे शिरेतून द्यावं लागतं. काल दुपारी स्वयंपाकघरात तू ताठ झालीस तेव्हा मी वॉकर टाकून जमिनीवर बसले आणि तुझं डोकं मांडीवर धरलं. तुला ते आठवत नसेल. माझ्या जिवाभावाच्या माणसाचं मला ते दुसऱ्यांदा दिसलं.

दुसऱ्यांदा का, ते सांगायला बसले आहे. मधेच पत्र खाली ठेवू नकोस.

तुझी आई आणि मी एकाच वॉर्डात सिस्टर होतो हे तुला ठाऊक आहे. ती दिसायला कशी होती, सलाईनची बाटली टांगायला तिला स्टूल कसं लागायचं, मोठ्या डॉक्टरांची नक्कल करताना ते मागे येऊन कसे उभे राहिले, हे सगळं मी तुला शंभरदा सांगितलंय. तिला वॉर्डात हातोडी का म्हणायचे ते मात्र कधी सांगितलं नाही. तू विचारायचीस तेव्हा मी म्हणायचे, फार ठणकावून बोलायची म्हणून. खोटं. तिच्या खिशात सदैव ती रबराच्या डोक्याची हातोडी असायची, जी आता दर तासाला तुझ्या गुडघ्यावर मारतात, म्हणून. मॅग्नेशियम दिलेल्या बाईच्या तीन गोष्टी बघायच्या असतात. गुडघा हलतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, आणि लघवी पुरेशी होते का. औषध अंगात जास्त साठलं तर आधी गुडघा हलायचा थांबतो, मग श्वास, मग सगळंच. म्हणून गुडघा आपल्याला आधी सावध करतो. आमच्या वॉर्डात आळशी बाया न बघताच तक्त्यावर बरोबरची खूण करायच्या. तुझ्या आईला हे खपायचं नाही. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला ती स्टुलावर बसवून शिकवायची. सराव म्हणून तिने कुणाचा गुडघा सोडला नव्हता. झाडूवाल्या बाई तिला लांबूनच बघून पाय पोटाशी घ्यायच्या.

एक गोष्ट ती सगळ्यांना आवर्जून सांगायची. काही बायका घाबरून पाय आवळून धरतात, मग गुडघा हलत नाही आणि आपण फसतो. अशा वेळी बाईला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगायचं. तिचं लक्ष हातांकडे जातं, पाय सैल पडतो, मग मारायची हातोडी. खरं काय ते लगेच कळतं. हे मी तिच्याकडूनच शिकले आणि पुढे पाच-पन्नास मुलींना शिकवलं.

तुझ्या वेळी तिला बत्तिसावा आठवडा होता. ड्युटीवर असतानाच डोकं धरून बसली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, आणि औषधांच्या कपाटापाशी कोसळली. संध्याकाळपर्यंत तू बाहेर आलीस, एक किलो तीनशे ग्रॅमची. पिटुकली हे नाव तेव्हाच पडलं, वजन करणाऱ्या सिस्टरच्या तोंडून. तुला व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या नवजात बाळांच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं आणि हातोडीला आमच्याच वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर, पडदे ओढून. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचं एकच पालुपद, मला बाळाला बघायचंय. मी सांगितलं संध्याकाळी. डॉक्टरांनी सांगितलं संध्याकाळी. ती कुठली ऐकते. माझ्यात हा हट्ट कुठून आला असं तू मला नेहमी विचारतेस.

दुपारी एकची तपासणी माझ्याकडे होती. मी तिच्या गुडघ्याखाली हात घालून पाय उचलला आणि हातोडी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. दुसरा पाय घेतला, तोही गप्प. आणि माझा हात तिच्या मांडीखाली होता, पिटुकले. मांडीच्या मागची शीर दोरीसारखी ताणलेली मला बोटांना लागत होती. तिने पाय आवळून धरला होता. मी वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. पापण्या उचलत नव्हत्या, जीभ वळत नव्हती, पण हसत होती. मिस्कील, नेहमीसारखं. बोलली एवढंच की पाच मिनिटं गं.

मी तिला हात ओढायला सांगितलं नाही. जिने मला ते शिकवलं तिलाच सांगायचं, असं वाटलं की काय, कोण जाणे. मला तिची दया आली. मी तक्त्यावर लिहिलं, गुडघा हलत नाही, औषध थांबवलं. डॉक्टरांना फोनवर तेच सांगितलं. ते ऑपरेशनमध्ये होते, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बरं म्हणाले. पुढे चौकशी झाली तेव्हाही सगळे म्हणाले, सिस्टरने नियमाप्रमाणे केलं. कुणाला शंका आली नाही. पण नियमाप्रमाणे काय करतात ते मला माहीत आहे. गुडघा खरोखर गेला असेल तर उशाशी ठेवलेलं कॅल्शियमचं इंजेक्शन भरून हातात तयार ठेवतात, ते मॅग्नेशियमवरचा उतारा असतं. मी ते भरलं नाही. त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणजे मला माहीत होतं. या एका गोष्टीवरून मी स्वतःला सत्तावीस वर्षं ओळखून आहे.

चाकाच्या खुर्चीतून मीच तिला तुझ्याकडे नेलं. पाच मिनिटं म्हणता म्हणता अकरा झाली. तिने पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि तू तिचं बोट धरलंस. तिने तुझ्या पायाच्या तळव्यावर नखाने रेघ ओढून बघितली, बोटं नीट पसरतात का ते. अशी आई. बघायला गेली आणि तपासून आली. खाटेवर परत आणून झोपवलं तेव्हा फार खूश होती. पण गुडघा गेला असं मीच लिहून बसले होते, त्यामुळे पुढच्या तपासणीपर्यंत सलाईन पुन्हा जोडता येत नव्हतं. पाऊण तासाने पहिला झटका आला. मी सलाईन पुन्हा जोडेपर्यंत दुसरा आला. मेंदूत रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली, शुद्धीवर न येता.

तुला मी सांगत आले की ती तुझ्या जन्माच्या वेळी रक्त जाऊन गेली आणि तुला बघायलाही मिळालं नाही तिला. हे सोपं होतं. कुणी पुढचं विचारत नाही. तुझे बाबा वर्षभराने दुसरा संसार मांडून निघून गेले, तू माझ्याकडे राहिलीस, मला मावशी म्हणायला लागलीस, आणि मग खरं सांगितलं तर तू हातची जाशील असं मला वाटायला लागलं. दरवर्षी पुढच्या वर्षी सांगू म्हणायचे. आज सांगते आहे तर त्याचं श्रेय मला देऊ नकोस.

या खोट्याची किंमत तू चुकवलीस. तिसऱ्या महिन्यात तुझं दवाखान्याचं कार्ड भरताना तू इथेच, या टेबलापाशी बसली होतीस. आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपी किंवा झटके होते का, असा एक प्रश्न होता. तू मोठ्याने वाचलास आणि नाही समोर खूण केलीस. मी समोर बसून मटार सोलत होते. माझी बोटं थांबलीही नाहीत. हो अशी खूण असती तर त्यांनी पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून तुझ्यावर लक्ष ठेवलं असतं, आधी औषध सुरू केलं असतं, निदान आणखी दोन-तीन आठवडे बाळ पोटात राहिलं असतं. मी स्वतःची समजूत घातली की मी आहे ना घरात, मी बघेन. रोज तुझे घोटे दाबून बघत होते, बिया चारत होते. मग पडले, खुबा मोडला, आणि बीपीचं यंत्र माळ्यावर राहिलं. तुला काढायला सांगायचं तर का म्हणून विचारशील, म्हणून तेही सांगितलं नाही.

आता तुझ्या चिठ्ठीतली चौथी ओळ. गुडघा हलला नाही तर सलाईन बंद करतात असं एक सिस्टर दुसरीला सांगत होती, ते खरं का, असं तू विचारलंस. तुला कुणी शिकवलं नाही, तरी तू नेमकी तिथे पोहोचलीस. आणि शेवटी लिहिलंस की नाहीच जमलं तर मीच सुई उपसून टाकीन. तुझ्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर माझ्याच हाताखाली शिकल्या आहेत. त्यांना मी दहा वाजता फोन करून सांगितलं की हिचे हात ओढायला लावूनच गुडघा बघा. त्या म्हणाल्या, मावशी, आम्हाला शिकवताय का. शिकवायची गरज नाही, मला ठाऊक आहे. पण दोनला ड्युटी बदलेल, चौदा खाटांवर एक मुलगी असेल, ती तुझ्याकडे बघेल आणि तिला तुझी दया येईल. बाळाला बघायचंय म्हणणाऱ्या बाईपुढे कुठल्याही सिस्टरचं काळीज पाघळतं. माझं पाघळलं होतं, आणि मी त्या वॉर्डातली सगळ्यात कडक म्हणून ओळखली जायचे.

हे सगळं वाचून तू काय म्हणशील तेही मला दिसतंय. आईचं वेगळं होतं, माझं बीपी आता उतरलंय, मी अकरा मिनिटं नाही, दोनच मिनिटं जाईन. तिचंही उतरलं होतं. तिला तर सगळं माहीत होतं, ती दुसऱ्यांना शिकवायची, तरी तिने पाय आवळला. कारण व्हरांड्याच्या टोकाला तू होतीस. तिथे जायचंय हे मनात असेल तोवर कुठलीही आई माझं ऐकणार नाही, तूही नाही. मी कितीही मोठ्या अक्षरात लिहिलं तरी.

म्हणून जावईबापूंनी जे लिहायला सांगितलं ते मी लिहीत नाही. ते आले ते कपड्यांसाठी नाही. तुझा माझ्यावर विश्वास आहे, मावशीने लिहिलं की तू ऐकशील, म्हणून आले. बाळ छान आहे, संध्याकाळपर्यंत दम धर, एवढं लिहा म्हणाले. डॉक्टरांनीही सहापर्यंत तुला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. असं सांगताना ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. पिटुकले, बाळ आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेलं. त्याचे श्वास काल रात्रीपासूनच पुरत नव्हते, सगळं करून झालं. जावईबापू शेवटपर्यंत त्याच्यापाशी होते, ते एकटं नव्हतं. तुला आज कळल्याने तुझं बीपी वाढेल का, मला माहीत नाही. कदाचित मी पुन्हा एकदा चूकच करते आहे. पण बाळ छान आहे असं लिहिलं तर तू दोन वाजता पाय आवळशील, हे मला माहीत आहे. व्हरांड्याच्या टोकाला तुझी वाट बघणारं आता कुणी नाही. धावत जायचं कारण उरलेलं नाही. सहा वाजता ते तुला खुर्चीतून खाली नेतील आणि त्याला तुझ्या हातात देतील, हवा तितका वेळ, तसं मी इनचार्ज सिस्टरकडून कबूल करून घेतलंय. हे पत्र त्यांच्याच हातात पडेल आणि तू वाचशील तेव्हा त्या तुझ्या खाटेवर बसलेल्या असतील. त्यांचा हात धर. माझा धरावासा वाटणार नाही, ते मी समजू शकते. पण पाय सैल सोड आणि त्यांना गुडघा बघू दे.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
मावशी